ऐकलं म्हणजे आलं का? दहावीच्या ध्वनिपाठांबद्दल

दहावीच्या इतिहास-भूगोलाची उजळणी करून देणारी एक ध्वनिपाठमाला मी गेल्या दीड महिन्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. तिचं नाव सांगत नाही. माझी तक्रार एका मालेशी नाहीच. तशाच आणखी तीन-चार माला चाळल्या आणि सगळ्यांचा साचा तोच निघाला. सुरुवातीला दहा सेकंद संगीत, मग 'विद्यार्थी मित्रांनो', मग धड्यातल्या ठळक अक्षरातल्या ओळी एका दमात, आणि शेवटी 'आता हा धडा तुमचा पूर्ण झाला'. या शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप आहे. बाकी लेख म्हणजे त्या आक्षेपाचं स्पष्टीकरण.

पीएचडीला यायची तयारी करणाऱ्यांनी हे का वाचावं? कारण शैक्षणिक साधनांवर संशोधन करायचं म्हटलं की आपण सगळेच पहिल्यांदा जी चूक करतो, ती मीही केली होती. ती पुढे सांगते.

माझी मामेबहीण दहावीला आहे. राहते माणदेशात, शाळा दहिवडीला. जायला-यायला एसटीत रोजचा जवळजवळ दीड तास जातो. घरात स्मार्टफोन एकच, मामाचा. तो दिवसा मामासोबत असतो. तिच्याकडे आहे तो जुना फोन, त्याची काच फुटलेली, त्यावर व्हिडिओ बघवत नाही, पण आवाज येतो. मामाच्या फोनवरून रात्री धडे तिच्या फोनवर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी एसटीत ऐकायचे, हा तिचा क्रम. म्हणजे ध्वनिपाठ हा तिच्यासाठी हौसेचा प्रकार नाही. दिवसातला जो वेळ एरवी खिडकीबाहेर बघण्यात गेला असता तो त्यातून अभ्यासाला मिळतो. म्हणून 'ऑडिओनं काही होत नाही, पुस्तक उघडा' असं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. तो वेळ मौल्यवान आहे. म्हणूनच तो कसा वापरला जातो याचा राग येतो.

पूर्वपरीक्षेच्या आधी मी तिच्याकडे चार दिवस होते. भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर रचलेलं आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मी सहज विचारलं, "पॅन्टानल म्हणजे काय गं?" तिनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं: उष्ण कटिबंधातला पाणथळ प्रदेश, ब्राझीलच्या नैऋत्य भागात, दलदलीचा. आणि सांगितलं ते निवेदिकेच्या चालीत! जिथं निवेदिका श्वास घेते तिथं हिनंही घेतला. मी खूश झाले. मग ब्राझीलचा कोरा नकाशा पुढे ठेवला आणि म्हटलं, दाखव. तिचं बोट थोडा वेळ नकाशाभर फिरलं आणि ॲमेझॉनच्या मुखाशी जाऊन थांबलं. म्हणजे बरोबर विरुद्ध टोकाला.

"अगं, नैऋत्य म्हणालीस ना?"

"हो. नैऋत्यच आहे."

तिला शब्द आला होता, दिशा आली नव्हती. आणि भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत नकाशा भरायचा असतो, वाचायचा असतो, आलेख काढायचा असतो. तिथं निवेदिकेची चाल कामाला येत नाही.

आता पाठमालेतला 'स्थान-विस्तार' हा धडा घ्या. निवेदिका म्हणते: भारताचा अक्षवृत्तीय विस्तार ८ अंश ४ मिनिटे उत्तर ते ३७ अंश ६ मिनिटे उत्तर आणि रेखावृत्तीय विस्तार ६८ अंश ७ मिनिटे पूर्व ते ९७ अंश २५ मिनिटे पूर्व. लगेच पुढच्या वाक्यात: ब्राझीलचा ५ अंश १५ मिनिटे उत्तर ते ३३ अंश ४५ मिनिटे दक्षिण, ३४ अंश ४५ मिनिटे पश्चिम ते ७३ अंश ४८ मिनिटे पश्चिम. एकूण सोळा आकडे आणि आठ दिशा. मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं संपतं. पुस्तकात हेच छापलेलं असलं तर डोळा मागे जातो, दोन ओळी शेजारी ठेवून बघतो, शेजारचा नकाशा बघतो. कानाला मागे जाता येत नाही. पुढचा आकडा आला की आधीचा पुसला जातो.

या गोष्टीवर एक नेमकं संशोधन आहे. लीही आणि स्वेलर यांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांसोबत दोन प्रयोग केले. मुलांना तापमानाचा आलेख वाचायला शिकवायचा होता. आधीचं सर्वसाधारण मत असं, की आकृती डोळ्यांसमोर आणि स्पष्टीकरण कानावर, अशी विभागणी केली तर मुलं जास्त शिकतात. डोळे आणि कान दोघांवरही भार वाटला जातो. पण त्यांच्या पहिल्या प्रयोगात, जिथं बोललेली वाक्यं लांब आणि गुंतागुंतीची होती, उलटंच झालं: सगळं लिहिलेलं वाचणारी मुलं पुढे गेली. दुसऱ्या प्रयोगात वाक्यं तोडून छोटी केली, तेव्हा ऐकणारी मुलं पुढे आली. बोललेलं वाक्य क्षणिक असतं. ते लांबलं की मुलाची सगळी शक्ती आधीचं धरून ठेवण्यात जाते, समजायला काही उरत नाही.

आणि लक्षात घ्या, त्या मुलांसमोर निदान आलेख तरी होता. एसटीतल्या मुलीसमोर काय असतं? पुढच्या सीटची पाठ.

म्हणून ते सोळा आकडे ध्वनिपाठात असूच नयेत असं माझं मत. ते पुस्तकात आहेत, तिथंच राहू द्यात. आवाजानं दुसरं काही तरी करावं. उदाहरणार्थ: डावा तळहात समोर धर. हा भारत. कर्कवृत्त मधून जातं, तर्जनीनं रेघ ओढ. आता तोच तळहात ब्राझील. विषुववृत्त वरच्या बाजूनं जातं, बोटांच्या मुळाशी. मकरवृत्त खाली, मनगटाजवळ, साओ पावलो शहराच्या जवळून. आता सांग, दोन्हीपैकी कोणत्या देशाचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात? एवढं झालं तरी आकड्यांना पुढे टांगायला खुंटी मिळते. असा एकही प्रसंग मला संपूर्ण मालेत सापडला नाही.

जिथं आवाज खरोखर चांगला आहे, तिथं तर या माला आणखीनच आळशी. आवाज चांगला असतो 'का' सांगायला. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, अशी साखळी आवाजात छान चालते. आजी गोष्ट सांगते तीही तशीच. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कमी पावसाच्या प्रदेशाला पुस्तकात 'अवर्षण चतुष्कोन' म्हटलंय. ध्वनिपाठात त्याची व्याख्या आहे, एका वाक्यात, आणि पुढे लगेच 'पंपास'. आता ही व्याख्या ऐकणारी मुलगी कुठं बसली आहे? माणदेशात! सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला हिची शाळा, जिथं ५०० च्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, तिथंच रिते होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे असतात. तिकडे ब्राझीलमध्ये अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यालगतची उंच भूमी, पुस्तकातला 'अजस्र कडा', अडवते. किनाऱ्यावर पाऊस आणि पाठीमागे ईशान्येला पर्जन्यछाया. ज्या मुलीनं छावणीतली जनावरं पाहिली आहेत तिला 'अवर्षण चतुष्कोन' पाठ करायला लावणं म्हणजे तिच्या घरची गोष्ट तिलाच परक्या भाषेत सांगणं.

इतिहासाकडे येऊ. दहावीचं इतिहासाचं पुस्तक २०१८ पासून बदललं आणि माझ्या मते तो फार धाडसी बदल होता. लढाया आणि तह बाजूला ठेवून मुलांना थेट इतिहासलेखन शिकवायचं: पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन. पहिल्याच धड्यात रांके येतो, मूळ कागदपत्रांवर बोट ठेवणारा. देकार्त येतो, संशय घ्यायला शिकवणारा. फूको येतो. आणि ध्वनिपाठ या सगळ्याचं काय करतो? 'आधुनिक इतिहासलेखनाचा जनक... व्हॉल्टेअर. पुन्हा ऐका. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक...' एका गुणाच्या रिकाम्या जागेसाठी ते ठीक आहे, मी नाक मुरडत नाही. गुण हे गुण असतात. पण संशय घ्या असं सांगणारा धडा संशयाला जागाच न ठेवता घोकून घ्यायचा, यातला विनोद निवेदिकेच्या लक्षात आलेला दिसत नाही.

सगळ्यात मजेशीर (की वाईट?) प्रसारमाध्यमांचा धडा. त्यात आकाशवाणीचा इतिहास आहे: २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन, नंतर सरकारनं ते ताब्यात घेतलं, आणि ८ जून १९३६ रोजी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव. आवाजाच्या माध्यमातून आवाजाच्या माध्यमाचा इतिहास शिकवायचा होता, आणि संपूर्ण पाठात जुन्या रेडिओचा एक सेकंदभर आवाज नाही. निदान खरखर तरी!

मौखिक साधनांचंही तेच. पोवाडा मुळात ऐकण्यासाठी रचलेला. अज्ञानदासानं अफजलखानाच्या वधावर रचलेला पोवाडा हे त्या काळाचं साधन म्हणून अभ्यासक वापरतात. सभासदाची बखर नंतरची, कागदावर लिहिलेली. एकाच प्रसंगाची दोन साधनं, एक गाणारं आणि एक लिहिणारं: दोन वेगळ्या आवाजांत थोडं थोडं ऐकवा आणि विचारा, कुणावर किती विश्वास ठेवशील, आणि का? रांके काय म्हणाला असता? हे पुस्तकाला जमत नाही, ध्वनिपाठाला जमतं. पण त्यासाठी धडा वाचून दाखवण्याऐवजी लिहावा लागतो, आणि लिहायला वेळ लागतो.

आता 'हा धडा तुमचा पूर्ण झाला' या वाक्याकडे. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा अभ्यास तुम्ही वाचला नसेल तर आवर्जून वाचा, लहान आहे आणि भाषा सोपी आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर अशा विषयांवरचे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचण्याऐवजी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं: दोनदा वाचणारे ४२ वर, आठवून लिहिणारे ५६ वर. दुसऱ्या प्रयोगात तर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना 'आपल्याला हे चांगलं लक्षात राहील' याची खात्री सर्वांत जास्त होती, आणि आठवड्यानंतर सर्वांत कमी आठवलं तेही त्यांनाच.

इथं थांबून एक काम करा, नाहीतर समीक्षक म्हणून तुम्ही फसाल. हा अभ्यास वाचनाचा होता, ऐकण्याचा नाही. इंग्रजी उताऱ्यांचा होता, अमेरिकेतल्या तरुणांवरचा होता. तो उचलून 'म्हणून मराठी ध्वनिपाठ निरुपयोगी' असं म्हणणं म्हणजे उडी मारणं आहे. त्यातून मिळतो तो प्रश्न: ही मुलगी धडा ऐकताना आठवण्याचं काम करते, की फक्त ओळखीचं ऐकल्याचा दिलासा घेते? ओळख पटणं आणि आठवणं यांत फरक आहे. तिसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतंच. त्या ओळखीलाच आपण 'आलं' म्हणतो.

माझी चूक सांगते म्हटलं होतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः काही ध्वनिपाठ तयार करून मुलांना दिले होते आणि शेवटी एक प्रश्नावली: पाठ आवडला का, समजला का, पुन्हा ऐकावासा वाटतो का. उत्तरं इतकी गोड आली की मी त्याचे आलेख काढून मार्गदर्शकांकडे गेले. बाईंनी एकच विचारलं, "यात मुलांना काय येतं हे कुठं आहे?" कुठंच नव्हतं. मी आवडणं मोजलं होतं आणि खाली 'परिणामकारकता' असं शीर्षक दिलं होतं. आराखडा करताना तुमच्या मोजमापाचं नाव आणि मोजमाप यांची अशी ताटातूट झाली नाही ना, एवढं आधी बघा. बाकीच्या चुका दुरुस्त होतात. ही पूर्ण विदा फुकट घालवते. माझी घालवली.

तर यावेळी मामेबहिणीसाठी मी सहा मिनिटांचा एक पाठ नव्यानं केला. विषय एकच: माणदेशात पाऊस का नाही आणि ब्राझीलच्या ईशान्येला का नाही. मध्ये चार ठिकाणी प्रश्न, प्रश्नानंतर मोकळी जागा, मग उत्तर. ही कल्पना माझी नाही. १९७४ पासून निकाराग्वामध्ये रेडिओवरून गणित शिकवण्याचा जो प्रकल्प झाला, त्याचा कणाच हा होता: रेडिओ विचारतो, थांबतो, वर्गातली मुलं मोठ्यानं उत्तर देतात, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो. पुढे केनियात इंग्रजीसाठी हीच पद्धत वापरली गेली. मला वाटलं, झालं, आता हिला बोलावंच लागेल.

आठवड्यानं विचारलं तर म्हणाली, "ताई, पाठ छान आहे, पण मध्ये मध्ये आवाज जातो."

आवाज जात नव्हता. ती माझी विचार करायला ठेवलेली जागा होती. मी समजावलं. मग ती हसली. "एसटीत कोण मोठ्यानं बोलणार? कंडक्टर बघतो ना." मग काय करते? तर वाट बघते, उत्तर येईपर्यंत. म्हणजे माझ्या पाठातही ती ऐकतच होती, फक्त थोडी जास्त शांतता ऐकत होती.

मी निकाराग्वाचा वर्ग उचलून दहिवडीच्या एसटीत ठेवला होता. तिथं पन्नास मुलं एकदम ओरडतात, कुणालाच लाज वाटत नाही. इथं एक मुलगी, शेजारी बाजाराला चाललेली म्हातारी, मागच्या सीटवर शाळेतलीच पोरं. एखादी पद्धत परिणामकारक आहे असं तुम्ही वाचता तेव्हा ती कुणाच्या समोर, कुठं बसून, कुणाच्या देखत वापरली होती हेही वाचा. पेपरमध्ये ते बहुधा 'पद्धती' या भागात दोन ओळींत असतं आणि आपण तेवढंच गाळतो.

मग बदल केला. आता उत्तर बोलायचं नाही. पर्याय असतील तर मांडीवर बोटं ठेवायची, दिशा असेल तर तळहातावर बोट न्यायचं. हे कुणाला दिसत नाही. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, पाठ न ऐकता, पुस्तक न उघडता, वहीच्या मागच्या पानावर ब्राझीलची ओबडधोबड बाह्यरेषा काढून त्या दिवशीचं जे आठवेल ते भरायचं. मामाच्या फोनवरून फोटो मला. 'आवडलं का' मी विचारत नाही; तिनं आपणहून सांगितलं तर ऐकून घेते.

एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. तिचं एसटीतलं वाक्य माझ्या प्रबंधात पुरावा म्हणून येणार नाही, पण पुढच्या आराखड्यात 'ऐकण्याचं ठिकाण' हा रकाना त्या वाक्यामुळे आला.

एक बाजू या सगळ्यात राहून जाते, ती दृष्टिहीन विद्यार्थ्यांची. 'ऑडिओ सगळ्यांसाठी' अशी जाहिरात करणाऱ्या माला त्यांचा उल्लेख हमखास करतात. पण 'आता नकाशा पाहा' हे वाक्य त्याच मालेत मी नऊ वेळा ऐकलं. नकाशात काय आहे ते एकदाही सांगितलं नाही. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी नकाशाच्या जागी वेगळे प्रश्न असतात. ते प्रश्न समोर ठेवून एक जरी पाठ लिहिला असता तरी डोळस मुलांनाही त्याचा उपयोग झाला असता, कारण एसटीत तीही नकाशा पाहू शकत नाहीत. यावर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. उठावाचे नकाशे आणि आवाज एकत्र कसे वापरता येतील हे मी सध्या वाचते आहे.

काल रात्री तिचा सहावा फोटो आला. पॅन्टानल जागेवर आहे, खाली डावीकडे, नीट. अवर्षण चतुष्कोनही ईशान्येला आहे आणि त्याच्या शेजारी तिनं कंसात 'म्हसवड' असं लिहिलंय. ॲमेझॉन मात्र उलटी वाहते आहे, पश्चिमेला, आणि सरळ पॅसिफिकमध्ये जाऊन मिळाली आहे. उद्याच्या पाठातली पहिली मोकळी जागा तिथंच ठेवायची आहे.